मध्यइंजिनाची मोटार : हौस, हिशेब आणि पत

आमच्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, गुदामे, वाहतूक अशा विषयांवर लिहिण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. यंदा मात्र थोड्या वेगळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे वाटते. गेल्या काही वर्षांत आमच्या व्यापारी घराण्यांतील तरुणांत एका विशिष्ट प्रकारच्या मोटारीची हौस वाढीस लागली आहे. या मोटारीत माणसे दोनच बसतात. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, परंतु मागील चाकांच्या पुढे बसवलेले असते. तिला 'मिड-इंजिन स्पोर्ट्स कार' म्हणतात. आपण सोयीसाठी मध्यइंजिनाची मोटार म्हणू.

बैठकीत हा विषय निघाला की तत्काळ दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा निव्वळ उधळेपणा. पोते ठेवायला जागा नाही, कुटुंब न्यायची सोय नाही, अशी गाडी व्यापाऱ्याच्या दारी कशाला? तरुण मंडळी म्हणतात, ही मालमत्ता आहे, पुढे किंमत वाढेल, आणि पेढीच्या नावे घेतली तर करातही सूट मिळेल. माझ्या अल्प मतीप्रमाणे दोन्ही पक्षांनी वस्तू नीट पारखलेली नाही. एकाला यंत्र ठाऊक नाही, दुसऱ्याला हिशेब.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि उभे आयुष्य घाऊक धान्याच्या पेढीवर गेले. परंतु दोन वर्षांपूर्वी पुतण्याने अशी मोटार घेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हापासून मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, दोन वेळा अशा गाडीत बसूनही पाहिले. नमुना हातात घेतल्यावाचून माल चांगला-वाईट म्हणू नये, ही आमच्या बाजाराची रीत येथेही लागू आहे.

प्रथम यंत्राची गोष्ट. इंजिन हा मोटारीतील सर्वांत जड भाग. तो कोठे ठेवावा हा प्रश्न मालमोटार भरणाऱ्याला पडणाऱ्या प्रश्नासारखाच आहे. सगळी पोती मागील चाकांच्याही मागे रचली तर पुढची चाके हलकी पडतात आणि सुकाणू ऐकत नाही, हे आमचा प्रत्येक हमाल जाणतो. कावडीचे उदाहरण घ्यावे. दोन टोकांना दोन घागरी लावून चालणाऱ्या माणसास चटकन वळता येत नाही. वळू लागला तर कावड त्याला फिरवते, आणि एकदा फिरू लागली की थांबवणे कठीण. तेच ओझे पाठीवर अंगालगत घेतले तर तो जागच्या जागी वळतो. वजन तेवढेच, परंतु मध्याजवळ आल्याने वळणे सुलभ होते. मध्यइंजिनाच्या मोटारीचे मर्म एवढेच आहे. वजन दोन्ही आसांच्या मध्ये असल्याने ती वळणावर तत्परतेने वळते. मागील चाकांवर पुरेसा भार असल्याने वेग घेताना चाके जमीन धरतात. आणि करकचून थांबताना मागील चाकांनाही आपला वाटा उचलता येतो.

ही कल्पना आजची नव्हे. जर्मनीत १९३४ सालापासून ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांत फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्याप्रमाणे सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या मागेच होते. महायुद्धानंतर इंग्लंडात कूपर पितापुत्रांनी लहान शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्यांत मोटारसायकलचे इंजिन होते, आणि साखळीने मागील चाके फिरवायची तर इंजिन मागे ठेवणेच सोयीचे. काटकसरीतून निघालेली ही युक्ती पुढे सगळ्या शर्यतींवर राज्य करती झाली. १९५८ च्या जानेवारीत अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉस यांनी कूपर गाडीत विजय मिळवला. १९५९ व १९६० अशी दोन वर्षे जॅक ब्रॅबम त्याच गाडीत जगज्जेते झाले. इटलीत एन्झो फेरारी प्रथम या पद्धतीस अनुकूल नव्हते. बैल गाडी ओढतात, ढकलत नाहीत, अशा आशयाचे त्यांचे बोल सांगितले जातात. परंतु १९६१ साली त्यांच्याच पेढीने इंजिन मागे नेले आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद फिल हिल यांनी फेरारीतूनच मिळवले. बाजाराचा रोख बदलला म्हणजे जुन्या पेढीनेही आपला हट्ट सोडावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

रस्त्यावरील मोटारींत हा प्रकार फ्रान्समध्ये १९६२ साली रने बॉने यांच्या 'जेट' या लहान गाडीने आला, आणि १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने 'मिउरा' मांडली तेव्हा जगाचे डोळे दिपले. बारा सिलिंडरांचे जवळपास चार लिटरचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले होते. तेव्हापासून सर्वांत वेगवान गाडी म्हणजे मध्यइंजिनाची गाडी असे समीकरणच झाले. अमेरिकेत शेवरोलेची कॉर्वेट १९५३ पासून पुढे इंजिन घेऊन धावत होती. तीही २०२० च्या आवृत्तीपासून मध्यइंजिनाची झाली.

तेव्हा वडील मंडळींस माझी विनंती आहे की, या गाडीस केवळ दिखाऊ म्हणू नये. तिच्या रचनेमागे साठ-सत्तर वर्षांची कसोटी आहे. मात्र याच गुणाच्या पोटी एक दोषही आहे. जी गाडी चटकन वळते ती चटकन गिरकीही घेते. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय एकदम उचलला तर भार पुढे सरकतो, मागील चाके हलकी होतात आणि गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. टोयोटाच्या 'एमआर-टू' गाडीची दुसरी पिढी १९८९ मध्ये आली, तिची याविषयी एवढी कीर्ती झाली की काही वर्षांतच कंपनीने चाकांच्या जोडणीत सुधारणा केली. आजच्या गाड्यांत सावरून घेणारी विजेची यंत्रणा असते हे खरे. परंतु चोर्ला घाटात पावसाळी धुक्यात ती यंत्रणा निसर्गाचे नियम रद्द करू शकत नाही. ज्याने पाच-दहा वर्षे साधी मोटार संयमाने चालवली नाही, त्याच्या हाती ही गाडी देऊ नये.

आता मालकीची गोष्ट. खरी जोखीम येथे आहे. घेणे हा एका दिवसाचा व्यवहार. बाळगणे हा वर्षानुवर्षांचा. इंजिन पोटात असल्याने ते सहज हाती लागत नाही. १९९४ साली आलेल्या फेरारी ३५५ चे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या इंजिनातील पट्टे ठराविक वर्षांनी, गाडी चालो वा न चालो, बदलावे लागतात; आणि त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. पुढच्या ३६० मध्ये आसनामागील झाकण काढून ते काम करण्याची सोय झाली, आणि त्यानंतरच्या ४३० मध्ये पट्ट्यांऐवजी साखळी आली. तीन गाड्या एकाच घराण्यातील, दिसायला सारख्या भव्य. परंतु मालकाच्या वहीत तिघींचा खर्च निरनिराळा. विकत घेणाऱ्याने रंग पाहावा की पट्टे, हे आता सांगावयास नको.

पोर्शेच्या 'बॉक्स्टर'चे उदाहरण तर व्यापाऱ्याने अभ्यासावे असेच आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी ती कंपनी मोठ्या अडचणीत होती. जपानी तज्ज्ञ बोलावून तिने कारखान्यातील अपव्यय काटला, आणि १९९६ साली अडीच लिटरच्या, सुमारे २०४ अश्वशक्तीच्या इंजिनाची बॉक्स्टर बाजारात आणली. पुढचा बराच भाग आपल्या महागड्या '९११' गाडीशी समाईक ठेवला; एकाच साच्यावर दोन माल काढले. कंपनी सावरली. गाडी उपयोगाच्या दृष्टीनेही शहाणपणाची : पुढे एक व मागे एक अशा सामानाच्या दोन जागा. परंतु त्या पिढीच्या इंजिनात एका आतल्या दांड्याचे बेअरिंग काही गाड्यांत अवचित निकामी होई, आणि ते गेले की संपूर्ण इंजिन गमावण्याची पाळी येई. इंजिन तर मालकाच्या दृष्टीसही पडत नाही. तेल आणि पाणी घालण्याची तोंडे तेवढी मागील सामानाच्या जागेत दिसतात. म्हणून जाणते लोक अशी जुनी गाडी घेण्यापूर्वी स्वतंत्र कारागिराकडून तपासणी करून घेतात आणि आजवरच्या दुरुस्तीची कागदपत्रे पाहतात. आपण पोत्यात बंबी खुपसून तळचा दाणा पाहतो, तोच हा न्याय.

इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत हौशी माणसास मार्ग सोपा आहे. १९८४ सालची टोयोटा एमआर-टू कंपनीच्या साध्या गाड्यांचे भाग वापरून बांधलेली होती. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास वजनाची, म्हणून लहान इंजिनातही चपळ. १९९० ची होंडा एनएसएक्स ॲल्युमिनियमच्या देहाची आणि टिकाऊपणात नावाजलेली. तेथे मध्यम वकुबाचा माणूसही जुनी गाडी घेऊन रविवारी स्वतः पाना फिरवतो. आपल्याकडे तो मार्ग जवळजवळ बंद आहे. परदेशात वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि सुकाणू उजवीकडे असावे लागते. पूर्ण बांधून आलेल्या महागड्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पाने मूळ जकात ७० टक्के आणि वर ४० टक्के उपकर ठेवला. त्या उपकराचे नाव कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. धान्याच्या व्यापाऱ्याने याचे हसू आवरावे कसे? सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के झाला. दर बदलत राहतात; परंतु तत्त्व एवढे की, परदेशी किमतीला विनिमयाच्या दराने गुणून जो आकडा येतो तो आपला आकडा नव्हे.

देशी प्रयत्नही झाला, तो आपल्या शेजारीच. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने २०१२ च्या वाहन प्रदर्शनात 'अवंती' ही मध्यइंजिनाची गाडी मांडली. इंजिन रेनॉल्टचे दोन लिटरचे. परदेशी गाड्यांच्या मानाने किंमत पुष्कळ कमी होती. पुढे उत्पादन बंद पडले. स्वदेशी धाडसाचे कौतुक करावेच. परंतु गाडी घेताना 'कारखाना दहा वर्षांनी सुटे भाग देईल काय?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो.

आता तरुणांच्या आवडत्या युक्तिवादाकडे वळू. पेढीच्या नावे घेतली की कर वाचतो, असे ते म्हणतात. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट आपल्यासारख्या व्यापाऱ्यास मिळत नाही. ती मोटारविक्रेत्यास, प्रवासी वाहतूक करणाऱ्यास किंवा वाहनशिक्षण देणाऱ्यास आहे. आयकरात मोटारीची घट उतरत्या किमतीवर सामान्यतः १५ टक्के धरतात. परंतु वापर खासगी असेल तेवढा भाग अमान्य होतो, आणि दोन आसनांच्या गाडीतून आपण तुरीचे कोणते पोते वाहिले हे अधिकाऱ्यास कसे पटवणार? दहा लाखांवरील मोटार घेताना एक टक्का कर विक्रेता कापून घेतो, तेव्हा खरेदीची नोंद सरकारदरबारी आपोआप होते. बेळगाव सीमेवर असल्याने दुसरी एक वाट सुचवली जाते : गाडी गोव्यात किंवा पुदुच्चेरीत नोंदवावी आणि चालवावी येथे. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, असा कायदा आहे. गाडी जेथे राहते तेथेच तिचा कर भरावा. लाखो रुपयांची वस्तू घेऊन राज्याचा कर चुकवणारा माणूस उद्या तोलातही चुकवील, असे ग्राहकाने मानले तर त्यात नवल ते काय?

'किंमत वाढते' हा दुसरा युक्तिवाद. मिउरा आज दुर्मीळ आहे आणि तिची किंमत डोळे फिरवणारी आहे, हे खरे. पण तशा गाड्या साडेसातशेच्या आसपासच निघाल्या. ज्या गाड्या हजारोंनी निघतात त्यांची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. मोजक्या दुर्मीळ वस्तूंवरून साऱ्या मालाचा भाव काढणे हे बाजारात बसणाऱ्यास शोभत नाही.

एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा गाडी सर्व करांसह एक कोटीस पडली. वीस लाख पदरचे आणि ऐंशी लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज. महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ६६ हजार. पाच वर्षांत व्याजच सुमारे साडेएकोणीस लाख. विमा, टायर, देखभाल निराळी. पुढचे आणि मागचे टायर बहुधा वेगळ्या मापाचे असतात, म्हणून अदलाबदल करून आयुष्य वाढवण्याची सोयही नाही. दुसऱ्या बाजूस, तेच एक कोटी पेढीत राहिले, वर्षातून सहा वेळा फिरले आणि प्रत्येक फेऱ्यास दीड टक्का निव्वळ सुटला, तर वर्षाला नऊ लाख होतात. गाडीची खरी किंमत विक्रेत्याच्या पावतीवर नसते. ती या न मिळालेल्या नऊ लाखांत असते.

आणि कधी कधी ती त्याहूनही मोठी असते. २०१६-१७ च्या हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले आणि भाव हमीभावाच्याही खाली गेले. त्या वेळी आमच्या ओळखीच्या एका पेढीने गुदामातील मालाच्या तारणावर बँकेकडून उचल घेतलेली होती, आणि त्या उचलीतील काही रक्कम धाकट्या भागीदाराच्या अशाच एका गाडीत गेली होती. भाव पडताच तारणाची किंमत घटली. बँकेने फरक भरण्यास सांगितले. माल विकावा तर तोटा, गाडी विकावी तर घेणारा नाही. अडत्यांचे देणे दोन महिने रखडले. पेढी बुडाली नाही. परंतु तीस वर्षे ज्या घरास तोंडी शब्दावर माल मिळत असे, त्यास त्या वर्षापासून रोख मागण्यात येऊ लागली. गाडी पुढे विकली गेली. पत मात्र अजून पूर्ववत झालेली नाही. आमच्या धंद्यात पत हेच मध्यभागी ठेवलेले वजन आहे. ते हलले की वळणावर पेढी गिरकी घेते.

याचा अर्थ हौस करू नये असा मी काढत नाही. वडील मंडळींस मी आदरपूर्वक विचारतो : एका लग्नाच्या मांडवावर तीन दिवसांत आपण जेवढे उधळतो, ते कोणत्या उपयोगाचे? ज्या तरुणाने स्वतःच्या नफ्यातून, सर्व कर भरून, यंत्राची जाण ठेवून अशी गाडी घेतली आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावर संयमाने चालवली, त्याने कोणाचा अपराध केला? चांगले यंत्र ही माणसाच्या बुद्धीची निर्मिती आहे; तिचा आस्वाद घेणे हे चांगले गाणे ऐकण्यासारखेच आहे. उलट, गाडी घेऊन ती आच्छादनाखाली झाकून ठेवणे हाच खरा उधळेपणा. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, रबरी जोड सुकतात. न फिरणारे भांडवल आणि न फिरणारी मोटार, दोन्ही सडतात.

म्हणून माझे मत थोडक्यात असे. गाडी स्वतःच्या नावे आणि वाटून आलेल्या नफ्यातून घ्यावी. पेढीच्या भांडवलातून किंवा मालाच्या तारणावर कदापि नको. किमतीबरोबरच पाच वर्षांच्या खर्चाची रक्कम बाजूला काढता येत नसेल तर ती गाडी परवडत नाही, असे समजावे. जवळचे दुरुस्तीकेंद्र किती मैलांवर आहे आणि आपल्या गल्लीतील गतिरोधकावरून गाडीचे पोट घासणार तर नाही ना, हे आधी पाहावे. जुनी घेत असल्यास स्वतंत्र तपासणीवाचून बयाणा देऊ नये. आणि घेतल्यावर प्रथम रिकाम्या, सुरक्षित जागी अनुभवी शिक्षकाजवळ ती शिकून घ्यावी.

माझ्या पुतण्याने हा सर्व हिशेब कागदावर मांडून मला दाखवला. त्यात कर्जाचा रकाना होता. तो त्याने स्वतःच खोडला आणि खरेदी तीन वर्षे पुढे ढकलली. तीन वर्षांनी तो ती घेईल असे मला वाटते, आणि त्या वेळी मी विरोध करणार नाही. संघातील प्रत्येक घरी वडिलांनी नकार देण्यापूर्वी असा कागद मागावा, आणि चिरंजीवांनी हट्ट धरण्यापूर्वी तो लिहून आणावा. एवढे झाले तरी पुष्कळ पेढ्या सुरक्षित राहतील, आणि ज्यांच्या दारी अशी गाडी उभी राहील त्यांना ती मोकळ्या मनाने चालवता येईल.